टायरच्या व्हॉल्व्हची टोपणं: धातूची की प्लास्टिकची? (एक टोपण अडकलं आणि व्हॉल्व्हच तुटला)

भाट्याची_खाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

रत्नागिरीत भाट्याच्या पुलापासून जवळच घर आहे, गाडी अंगणात उघड्यावर असते. गाडीबरोबर आलेली काळी प्लास्टिकची टोपणं हवा भरताना एकेक करून पंपावर राहिली. म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन लाल रंगाची ॲल्युमिनियमची चार टोपणं मागवली. दिसायला सुरेख, हातात घेतल्यावर भक्कम. आता हरवणार नाहीत आणि फुटणारही नाहीत, असं वाटलं होतं.

गेल्या रविवारी आईला मुंबईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पहाटे साडेपाचला पंपावर हवा बघायला थांबलो. तीन टोपणं निघाली, मागचं डावं काही हलेना. हवा भरणाऱ्या मुलाने पकड आणली आणि मीच त्याला म्हटलं, लाव जोर. टोपण फिरलं, पण व्हॉल्व्हसकट. बुडापाशी रबर फाटलं, फस्स करून सगळी हवा गेली आणि चाक रिमवर बसलं. स्टेपनी लावली, पण पुढचे साडेतीनशे किलोमीटर स्टेपनीशिवाय जायची हिंमत झाली नाही. पंक्चरचं दुकान उघडेपर्यंत थांबलो. नवा व्हॉल्व्ह बसवायला टायर रिमवरून उतरवावा लागला. निघायला साडेनऊ वाजले, डॉक्टरांची वेळ चुकली.

तुटलेला तुकडा घरी आणला आहे. टोपण आणि पितळी आटे यांच्यामध्ये पांढरी पूड घट्ट बसली आहे, ओल धरलेल्या मिठासारखी. उरलेली तीन टोपणं त्याच दिवशी काढून टाकली. त्यातल्या एकात तशीच पूड धरायला लागली होती.

आता टोपणं कोणती घ्यावीत? मुळात टोपण हवंच का? आणि अडकलं तर काढायचं कसं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. इतकी लहान वस्तू आहे की याबद्दल कोणी सांगतच नाही.

---

सरळ_रस्ता

वाईट वाटलं वाचून. आईंची तपासणी नंतर झाली ना?

टोपणाबद्दल माझं मत वेगळं आहे. हवा अडवायचं काम व्हॉल्व्हच्या आतली पिन, म्हणजे छोटी झडप, करते, टोपण नाही. माझ्या गाडीला तीन-चार वर्षं एकही टोपण नाही. महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतात, तेवढे तर सगळ्यांच्याच होतात. नसलेलं टोपण अडकत नाही.

---

धातूशास्त्र_पुणे

ती पांढरी पूड मीठ नाही. ते ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड आहे.

तुमच्या चाकाला साधा रबरी व्हॉल्व्ह असणार, रिमच्या भोकात आतून ओढून बसवतात तो. बाहेरून रबर दिसतं, पण आतली नळी आणि वरचे आटे पितळेचे असतात. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. या जोडीत झिजणारं नेहमी ॲल्युमिनियम. झिजून जे तयार होतं ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतं आणि आट्यांच्या फटीत पाचरीसारखं ठासून बसतं. वरचा लाल रंग ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा, असेल. त्याने थोडं संरक्षण मिळतं, पण काढ-घाल करताना आट्यांवरचा तो थर खरवडला जातो, आणि संरक्षण नेमकं तिथेच हवं असतं. भाट्याला समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ. हवेतला खार रोज बसत राहतो, पावसाळ्यात ओल कायम. दोन वर्षं म्हणजे तुमच्या टोपणांनी बरीच तग धरली.

हीच जोडी उलटी केली तर जास्त वाईट. हल्ली ज्या गाड्यांना चाकाच्या आत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, नटाने आवळलेला असतो. त्यावर कोणी हौसेने पितळी टोपण लावलं तर झिजतो तो व्हॉल्व्ह. टोपण गेलं तर गेलं, इथे व्हॉल्व्ह जातो आणि त्याच्याबरोबर कधी कधी सेन्सरही. अशा व्हॉल्व्हमधली पिनसुद्धा निकेलचा मुलामा दिलेलीच घालायची. साधी पितळी पिन आत अडकते.

थोडक्यात निवड अशी करा. पितळी आट्यांवर प्लास्टिक उत्तम, पितळ किंवा निकेल चढवलेलं पितळ चालेल. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर फक्त प्लास्टिक. आणि व्हॉल्व्ह नुसता चंदेरी दिसतोय, धातू कळत नाही, तर चुंबक लावून उपयोग नाही. दोन्हींपैकी कशालाच चुंबक चिकटत नाही. तिथेही प्लास्टिकच लावा.

---

कोल्हापूर_टायरकाका

खाडीकर, तुमचं टोपण अडकलं ते धातूमुळं, पण व्हॉल्व्ह तुटला तो पकडीमुळं. राग मानू नका. पस्तीस वर्षं टायरच्या दुकानात काढली, असे व्हॉल्व्ह आठवड्याला एक तरी यायचे.

अडकलेलं टोपण काढायची रीत सांगतो. पहिली गोष्ट, प्रवासाला निघताना कधीच हात घालायचा नाही. हवा बघायची राहिली तर दुसऱ्या चाकावरून अंदाज घ्या, चाक डोळ्यांनी बघा, आणि सावकाश जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत जा. तुटला तर तिथं नवा बसवता येतो.

दुसरी गोष्ट, पिळा बुडापर्यंत जाऊ द्यायचा नाही. एका हाताने टोपणाच्या खालचा व्हॉल्व्हचा गळा धरायचा. बोटांनी धरवत नसेल तर कापड गुंडाळून छोट्या पकडीने, चेंगरणार नाही इतपत. दुसऱ्या हाताने टोपण फिरवायचं. जोर फक्त त्या दोन हातांच्या मध्ये राहिला पाहिजे. एकाच पकडीने वरून पिळलं की रबर बुडाशी फाटणारच.

त्याआधी टोपणाच्या कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब. फवारायचं नाही, थेंबच, काडीने लावा. अर्धा तास जाऊ द्या, रात्रभर राहिलं तर आणखी चांगलं. पान्याच्या दांड्याने टोपणाला चहूबाजूंनी हलकं ठोकायचं, त्याने पूड सुटते. तरी हललं नाही तर कढत पाण्यात भिजवलेलं फडकं टोपणाभोवती पाच मिनिटं धरा आणि लगेच फिरवा. आग, लायटर, मेणबत्ती काही नको. रबर जळतं आणि आत हवा भरलेली असते.

काम झालं की तेल पुसून काढा. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

एवढं करूनही निघालं नाही तर टोपणाला उभी चीर पाडून उकलतात. ते दुकानात, जाणत्या माणसाकडून. पातं आट्यांना लागलं की व्हॉल्व्ह गेलाच.

---

धातूशास्त्र_पुणे

काकांनी गरम फडक्याचं सांगितलं, त्यात एक भर. तापल्यावर ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. म्हणजे पितळी आट्यांवर ॲल्युमिनियमचं टोपण असेल तर उष्णतेने ते सैल होतं. खाडीकरांच्या टोपणाला हा उपाय लागू पडला असता. पण ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपण असेल तर तापवल्यावर उलट आवळतं. तिथे गरम फडकं वापरू नका.

---

कोल्हापूर_टायरकाका

हे माहीत नव्हतं. काही टोपणं गरम पाण्याने सुटायची, काही सुटायची नाहीत, कारण आज कळलं. आभारी आहे.

---

मांडवी_तीर

पणजीहून. माझ्या दोन टॅक्सी आहेत, एक मी चालवतो आणि एक भाऊ. किनाऱ्याची वाळू, जूनपासूनचा लाल चिखल आणि खारा वारा, तिन्ही रोजचं.

सरळ_रस्ता, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. हवा पिनच अडवते. पण पिनच्या खाली रबराची एवढीशी चकती असते, तिच्यावर सगळा भार. उघड्या व्हॉल्व्हच्या तोंडात चिखल बसतो आणि वाळतो. नंतर पंपावरचा पाइप लावला की हवेच्या झोताबरोबर ती माती सरळ आत जाते. एक कण त्या चकतीखाली अडकला की रात्रभर हळूहळू हवा जाते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो. मी स्वतः एकदा दोन दिवस टायर पाण्यात बुडवून पंक्चर शोधलं. पंक्चर नव्हतंच, पिनखाली वाळूचा कण होता.

तेव्हापासून सवय अशी: टोपण काढलं की आधी व्हॉल्व्हचं तोंड फडक्याने पुसायचं. मग पिन क्षणभर दाबून थोडी हवा बाहेर सोडायची, त्याबरोबर माती उडून जाते. त्यानंतर पाइप. भरून झालं की थुंकीचा थेंब तोंडावर, बुडबुडा आला तर पिन पुन्हा एकदा टिचकीसारखी दाबून सोडायची. बहुतेक वेळा तेवढ्याने नीट बसते.

काढलेली टोपणं गाडीच्या टपावर किंवा जमिनीवर ठेवत नाही, खिशात ठेवतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात सहा जादा असतात. पंपावर घाई असते, मागे रांग असते, त्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही. टोपण आपलं, लक्षही आपण ठेवायचं.

---

संत्रानगरी

नागपुरात खारं वारं नाही, पण आमच्या उन्हाळ्यात प्लास्टिकची टोपणं दोन-तीन वर्षांत पांढुरकी पडतात आणि काढताना उभी चिरतात. हे फक्त माझंच निरीक्षण आहे का? त्यामुळेच मी पितळी, निकेलवाली लावली. चार वर्षं झाली, एकही अडकलं नाही. म्हणजे गावानुसार उत्तर बदलत असावं.

आणखी एक प्रश्न. मुलाने त्याच्या गाडीला रात्री चमकणारी एलईडीची टोपणं लावली आहेत. चाक फिरलं की निळी पेटतात. ती चांगलीच जड आणि लांब आहेत. त्याने काही बिघडतं का?

---

धातूशास्त्र_पुणे

प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. काळ्या टोपणात काजळी मिसळलेली असते, ती अतिनील किरणं शोषते, म्हणून रंगीत टोपणांपेक्षा काळी जास्त टिकतात. तरीही ती कायमची नाहीत. चिरलं की बदलायचं. निकेल चढवलेलं पितळ पितळी आट्यांवर कोरड्या हवेत छान चालतं. गावानुसार उत्तर बदलतं, हे मलाही पटतं.

जड टोपणाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

१८५/६५ आर१५ मापाचं चाक घेऊ. बाहेरचा व्यास साधारण ६२ सेंमी. ताशी १०० किमी वेगाला हे चाक सेकंदाला चौदा फेऱ्यांच्या थोडं वर फिरतं. व्हॉल्व्हचं टोक मध्यापासून १६-१७ सेंमीवर असतं. गणित केलं तर तिथल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण १३५ पट जोर बाहेरच्या दिशेने येतो. म्हणजे एक ग्रॅमचं प्लास्टिकचं टोपण १३५ ग्रॅमसारखं ओढतं, ते व्हॉल्व्ह सहज सोसतो. पाच ग्रॅमचं धातूचं टोपण पाऊण किलोच्या जवळ जातं. दहा ग्रॅमचं एलईडीचं टोपण सुमारे १.३ किलो. आणि हा जोर रबरी व्हॉल्व्हच्या टोकाला येतो, त्यामुळे व्हॉल्व्ह बुडाशी वाकतो. गाडी थांबली की सरळ, वेग घेतला की पुन्हा वाकडा. असं हजारो वेळा झाल्यावर बुडाच्या रबराला तडे जातात. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हेही लक्षात ठेवा.

मुलाला सांगा, ती टोपणं काढून कपाटात ठेव. त्याला हे आकडे दाखवा, पटेल.

---

संत्रानगरी

दाखवले. त्याने स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि आज संध्याकाळी चारही काढली. मागच्या उजव्या व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक चिरा दिसतायत. उद्या दुकानात नेतो.

---

लांबचा_प्रवासी

मग ते टोपणासारखे बसणारे दाबाचे सेन्सर? मी गेल्या महिन्यात तसा संच घेतला. चार व्हॉल्व्हवर चार सेन्सर, डॅशबोर्डवर छोटा पडदा. पुणे-बंगळूर महिन्यातून दोन फेऱ्या असतात, पंक्चर लवकर कळावं म्हणून घेतला. तेही आठ-दहा ग्रॅमचे आहेत. वर दिलेलं गणित वाचून काळजी वाटायला लागली.

---

कोल्हापूर_टायरकाका

काळजी करा, पण काढून टाकू नका. हवा कमी झालेली वेळेवर कळणं ही लाखमोलाची गोष्ट आहे.

रबरी व्हॉल्व्ह काढून नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. ते वाकत नाहीत. पण सेन्सरच्या आतले आटे कशाचे आहेत ते बघून व्हॉल्व्हचा धातू निवडा, वर धातूशास्त्र यांनी सांगितलंय तसं. मॅगव्हीलला (अलॉय चाकाला) ते चांगले बसतात. साध्या लोखंडी रिमला भोकाच्या मापाचा, कमी लांबीचाच घ्या, नाहीतर व्हीलकॅपला घासेल. टायर उतरवावा लागतो, म्हणून पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हाच करून घेतलं तरी चालेल, तोपर्यंत महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह अंगठ्याने बाजूला वाकवून बुडाशी तडा आहे का बघा. सेन्सर लावल्यावर चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. आम्ही बॅलन्सिंगला पाच-पाच ग्रॅमची वजनं लावतो, तुम्ही एका जागी दहा ग्रॅम टांगलंय.

आणि एक महत्त्वाचं. टोपण नुसतं झाकतं, पण हा सेन्सर आतली पिन दाबून धरतो, त्याशिवाय त्याला दाब कळणार कसा. म्हणजे हवा अडवायचं काम आता पिनकडे राहिलं नाही, सेन्सरच्या आतल्या रबरी कडीकडे आलं. ती कडी दबली, चिरली, की चाक बसलं. सेन्सर लावल्यावर साबणाचं पाणी लावून बघा. सेल बदलायला उघडाल तेव्हा कडी बघा. हवेचा दाब दाखवायला हिरवा-पिवळा-लाल दांडा वर येणारी टोपणं मिळतात, तीही पिन दाबूनच चालतात. त्यात पडदाही नाही आणि आकडाही नीट कळत नाही. ती मी कोणालाच लावू दिली नाहीत.

---

मेपल_मंजिरी

टोरांटोहून लिहितेय. इथे समुद्र नाही, पण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर इतकं मीठ टाकतात की गाडी पांढरी होते. वर्षातून दोनदा टायर बदलायचे, नोव्हेंबरमध्ये बर्फाचे आणि एप्रिलमध्ये उन्हाळ्याचे. माझ्या गाडीला आतले सेन्सर आहेत, व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचे. आधीच्या मालकाने त्यावर चकचकीत धातूची टोपणं लावली होती. पहिल्याच एप्रिलमध्ये दोन व्हॉल्व्ह टोपणासकट मोडले. सेन्सर नवे घ्यावे लागले आणि गाडीला ओळख करून देण्याचे पैसे वेगळे. धातूशास्त्र यांनी लिहिलेला दुसरा प्रकार हाच.

इथल्या टायरवाल्याने नंतर करड्या रंगाची प्लास्टिकची टोपणं दिली, आत रबरी कडी असलेली. आता मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चारही टोपणं काढून परत लावते. दाब बघणं होतंच, शिवाय आटे मोकळे राहतात. सहा महिने न हललेलं टोपणच अडकतं, हा माझा अनुभव.

थंडीचं एक सांगते, महाराष्ट्रात डिसेंबरमध्ये थोडं लागू पडेल. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने कमी होतो. ते गळणं नाही. टोपणाला किंवा पिनला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा.

---

सरळ_रस्ता

मांडवी_तीर यांचं वाचून आज साबणाचं पाणी करून बसलो. चारपैकी पुढच्या उजव्या व्हॉल्व्हच्या तोंडावर बुडबुडा हळूहळू फुगत गेला. पिन दाबून सोडली, पुन्हा बुडबुडा. तीन-चार वेळा केलं, थांबलं नाही. तेच चाक मला दर दहा दिवसांनी भरावं लागायचं. माझी समजूत होती की टायर जुना झाला म्हणून.

काका, पिन घरी बदलता येईल का?

---

कोल्हापूर_टायरकाका

येईल. पिन काढायची छोटी चावी मिळते. जुन्या काळी धातूच्या टोपणालाच वर दोन दात असायचे, टोपण उलटं करून त्यानेच पिन फिरवायची. कोणाकडे तसं टोपण असेल तर जपून ठेवा.

गाडी जॅकवर घ्या, चाक जमिनीवरून सुटलं पाहिजे. पिन सैल झाली की हवा जोरात येते आणि पिन गोळीसारखी उडते. तोंड बाजूला ठेवा, चावीवर बोट दाबून धरा. हवा पूर्ण जाऊ द्या. नवी पिन घालण्याआधी आतून फडक्याचं टोक फिरवून घ्या. नवी हलक्या हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग अगदी थोडी. चावीवर जोर दिला तर आतली चकती चेपते आणि नवी पिनही गळते. मग हवा भरा, साबण लावा, टोपण घाला.

पिन गळत असूनही आतल्या कडीचं टोपण नीट बसलं तर गळती दबून राहते. म्हणून टोपण काढताना बारीकसा फुस्स आवाज आला तर समजायचं, पिन गेली आहे.

---

भाट्याची_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईची तपासणी बुधवारी झाली, ठीक आहे.

माझी एक शंका राहिली. पंपावर नायट्रोजन भरून घेतला की हिरवी टोपणं लावून देतात. ती वेगळी असतात का?

---

धातूशास्त्र_पुणे

रंग सोडला तर काही वेगळं नाही. आत नायट्रोजन आहे हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून हिरवं. हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे वेळ पडली तर त्यावर साधी हवा भरली तरी चालते. टोपण घेताना रंग बघू नका, उलटं करून आत बघा. तळाशी रबराची कडी आहे की नुसती पोकळी, एवढंच बघायचं.

आटे मात्र कोणत्याही टोपणाला तेच. मोटारीचा हा व्हॉल्व्ह ऑगस्ट श्रेडरच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत त्याला १८९३ साली पेटंट मिळालं, आणि आजही मोटारसायकल, मोटार, ट्रक सगळ्यांच्या टोपणाचे आटे एकच आहेत. त्यामुळे अडचणीत कोणाच्याही गाडीचं टोपण कोणालाही चालतं.

---

मांडवी_तीर

व्हीलकॅपचं काकांनी ओझरतं लिहिलं, ते मी थोडं वाढवतो. बाजारातली प्लास्टिकची व्हीलकॅप लावताना तिची खाच व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आली पाहिजे. थोडी फिरली तर कॅपची कड व्हॉल्व्हला एका बाजूला दाबते. भावाच्या गाडीचा व्हॉल्व्ह असाच अर्धा कापला गेला होता, टोपण नवं, पिन नवी, तरी हवा जायची. आणि खाच बरोबर असली तरी लांब टोपण कॅपला घासतं. आखूडच घ्या.

---

मेपल_मंजिरी

रबरी व्हॉल्व्हचं वय हा वेगळाच विषय आहे. २००८ मध्ये अमेरिकेत चीनहून आलेले रबरी व्हॉल्व्ह परत मागवावे लागले होते, कारण रबराच्या मिश्रणात ओझोनपासून वाचवणारा घटक कमी पडला आणि बुडाशी तडे जायला लागले. टोपण कितीही चांगलं असो, खालचं रबर गेलं की सगळं गेलं. नवे टायर घ्याल तेव्हा दुकानदाराला आठवणीने नवे व्हॉल्व्हही घालायला सांगा. टायर उतरलेलाच असतो.

---

सरळ_रस्ता

पिन बदलली. दोन दिवस झाले, ३३ चे ३३ आहेत. काळी, कडीवाली आठ टोपणं आणली, चार लावली आणि चार कप्प्यात. माझं आधीचं मत मागे घेतो.

---

भाट्याची_खाडी

मीही तीच आणली. बोटांनी टेकेपर्यंत फिरवून वर किंचित, तेवढंच आवळलं. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला, व्हॉल्व्हच्या तोंडात जाणार नाही असा. काही चुकलं असेल तर सांगा.

आज रविवार, म्हणून स्टेपनीही बघितली. आमच्या गाडीची स्टेपनी डिकीच्या खाली बाहेरून टांगलेली असते. गडबडीत पंपावर लावली तेव्हा तिच्या व्हॉल्व्हकडे बघितलंच नव्हतं. टोपण नव्हतं आणि तोंडात लाल माती सिमेंटसारखी वाळली होती. दाब १९. त्या १९ वर मी आईला मुंबईपर्यंत नेणार होतो.

टाचणीने माती कोरून काढतोय. पिनसुद्धा बदलायची आहे.

---

कोल्हापूर_टायरकाका

सिलिकॉनचं ठीक आहे. टाचणी नको, माती आत ढकलली जाईल. चाक खाली काढून व्हॉल्व्हचं तोंड जमिनीकडे करा, ओल्या ब्रशने माती भिजवा, मग पिन दाबून हवेनेच ती बाहेर काढा. १९ आहे तेवढी पुरेल.